बारक्या

नाव ठेवलं तेव्हा तो खरंच बारका होता,
नऊ पिल्लांतला शेवटचा,
चिपळूणहून आंब्याच्या पेटीत, पेंढ्यावर बसून आलेला.
आता खालच्या पाटातली पोरं
गडग्यापलीकडून विचारतात,
"काकी, तुमचं वासरू चावतं काय?"

चावत नाही. टेकतो.
माणूस दिसलं की शेजारी येऊन उभा राहतो
आणि हळूच सगळा भार त्याच्यावर सोडतो,
होडी धक्क्याला लागते तसा.
आमचे पोस्टमन वराडकर हल्ली
आधी पाय रोवतात,
मग पिशवीत हात घालतात.

वजन करायला वेलदूरच्या जेटीवर नेला होता.
काट्यावरची सुरमई उतरवून त्याला चढवला.
गप्प उभा राहिला, समुद्राकडे तोंड करून,
लाळेची तार वाऱ्यावर.
अडुसष्ट किलो.
कोणीतरी लिलावाच्या सुरात ओरडलं,
"अडुसष्ट एक वार! अडुसष्ट दोन वार!"
आणि माझी शर्वाणी त्याच्या गळ्यात पडून
इतकी रडली
की लिलाव थांबवावा लागला.

एवढ्या देहाला भीती कसली, तर फणसाची.
झाडावरून धप्प पडतो ना.
मे महिन्यात तो पुढच्या अंगणातून येतच नाही,
विहिरीला वळसा घालून
मागच्या दारी उभा.

दर दुसऱ्या मंगळवारी शृंगारतळीहून
मोटरसायकलवर डॉक्टर येतात.
त्यांनी सांगितलेलं मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.
जेवण दोनदा, एकदम नाही.
जेवल्यावर तासभर धावू द्यायचं नाही,
या जातीच्या पोटाला पीळ पडतो,
आणि पडला तर चिपळूणसुद्धा लांब.
वाढत्या वयात जिना नको, हाडं कच्ची.
बांगडा द्या, पण काटा एकही नको.
काटे काढता काढता हसू येतं मला,
नवऱ्यासाठी कधी काढले नव्हते.
तो बोटीवर. फोनवर दिसतो तेव्हा
पडदाभर बारक्याचं नाक.

रात्री भांडी झाली की
वाटीत खोबरेल घेऊन लादीवर बसते.
त्याच्या कोपरांना घट्टे पडलेत,
स्वतःच्याच वजनाचे.
चोळत राहते. तो डोळे मिटतो.
माझ्या टाचांना भेगा आहेत,
त्या राहून जातात.

तात्या म्हणाले होते, "कुत्रा अंगणात शोभतो.
घरात हे काय, बैल?"
तीस वर्षं एस.टी. चालवली त्यांनी,
बैल, म्हशी, माणसं, सगळ्यांसाठी ब्रेक मारला,
सगळ्यांना शिव्या घातल्या.
बारक्याशी ते बोलत नसत.

परवा पहाटे चुलीत लाकडं सारताना
खिडकीतून पाहिलं.
तात्या ओटीच्या तीन पायऱ्या उतरत होते,
एक हात खांबावर,
दुसरा बारक्याच्या पाठीवर.
प्रत्येक पायरीवर तो थांबायचा.
तात्यांचा गुडघा सरळ व्हायला वेळ लागतो,
तेवढा वेळ थांबायचा.
मग तात्या हळूच म्हणायचे, "टिंग टिंग,"
आणि दोघं पुढची पायरी घ्यायचे.
आयुष्यभर मागून कंडक्टरने दिलेली घंटा
आता ते स्वतःच देत होते.
मी खिडकीतून बाजूला झाले.

त्याच दिवशी मंगळवार होता.
कान तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले,
"मोठं अंग, वहिनी. आयुष्य आखूड.
आठ वर्षं. फार तर नऊ."
मला वाटलं शर्वाणी शाळेत आहे.
ती दारातच होती, खांद्याला दप्तर.
बोटांवर मोजत म्हणाली,
"आता तीनचा. म्हणजे मी नववीत."
आणि पाणी प्यायला निघून गेली.

रात्री तिने पलंगावरची गादी ओढली,
सरळ खाली, त्याच्या शेजारी टाकली.
मी काही म्हटलं नाही.
पहाटे उठून पाहते
तर गादीवर तो, आडवातिडवा,
आणि लादीवर ती,
त्याचा एक कान मुठीत धरून.